घासलेलं नाव

अकरा नग. खरेदी साडेपाच हजार, पॉलिशचे सहाशे साठ, पेट्रोल तीनशे चाळीस. विक्री बावीस हजार. म्हणजे आमोदला निव्वळ साडेपंधरा हजार सुटणार होते. तेही बसल्या जागी, फोनवरून फोटो टाकून.

हा हिशेब खरा आहे आणि पुढचंही सगळं खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. आमोदलाही आधी पटलं नव्हतं.

तारीख नऊ नोव्हेंबर २०२४, दुसरा शनिवार. जागा धायरी, तिसरा मजला. वेळ भर दुपारी अडीचची. जी आली, तिला रात्रीची वाट बघायची गरज पडली नाही.

आमोद विम्याच्या कचेरीत नोकरीला. वय बेचाळीस, लग्न नाही, घरात तो आणि आई. जुन्या वस्तू घ्यायच्या, चकचकीत करायच्या आणि ऑनलाइन विकायच्या, हा त्याचा छंद. माणूस हावरट नव्हे, हिशेबी. पुण्यात या दोन्हींत फरक करतात.

आई मंदाकिनीबाई निवृत्त शिक्षिका. बत्तीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासून जीभ धारदार झालेली.

"लोकांची अडगळ पैसे देऊन आणायची," त्या म्हणायच्या, "आणि घरात जागा नाही म्हणून माझं शिवणयंत्र गॅलरीत. छान छंद आहे."

दिवाळीच्या आवराआवरीत आमोदला वाघोलीची शर्मिला भेटली. सासू वारली होती आणि तिची पितळी भांडी काढायची होती. परात, घंगाळ, हंडा, डबे. प्रत्येकावर छिन्नीच्या ठिपक्यांनी कोरलेलं... सौ. शकू सीताराम.

"सगळ्यांवर नाव घातलंय बघा," शर्मिला म्हणाली. "सासूबाईंची तेवढीच हौस. जमीन दिरांच्या नावावर, घर आमच्या ह्यांच्या नावावर. त्यांच्या नावावर म्हणाल तर ही भांडी."

"नावामुळे भाव पडतो," आमोद म्हणाला, आणि पाचशे कमी केले.

पडतोच. कॅफेवाल्यांना जुनं पितळ हवं असतं, पण कुणाचं तरी नको असतं.

म्हणून तो धोंडिबाकडे गेला. धोंडिबा भांड्यांना पॉलिशही करायचा आणि नावंही घालायचा. त्याने परातीवरून अंगठा फिरवला.

"मोडीत घाला, साहेब. वितळलं की नाव जातं आणि माणूसही सुटतं. नाव घासू नये."

"घासायचे किती?"

"नगाला साठ."

"बाकीचे चाळीस घेतात. पाप महाग पडतं वाटतं?"

"पापाचं मला ठाऊक नाही. खोल ठोकलंय."

नाव गेलं. आठ दिवसांत अकराही नग विकले गेले. घरात त्यातला चमचासुद्धा उरला नाही.

आणि मग तो शनिवार.

आई आत झोपली होती. सोसायटी चिडीचूप. आमोद पार्सलांचा हिशेब लिहीत होता, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला...

टिक्... टिक्... टिक्.

नळ असेल.

तो उठला. नळ कोरडा होता. आवाज थांबला.

तो परत बसला.

टिक्... टिक्... टिक्. धातूवर धातू. कुणीतरी सावकाश, एकेक ठिपका ठोकत होतं.

की... ठोकलेला उचलत होतं?

संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी पोह्यांची ताटली त्याच्यासमोर उलटी धरली. लग्नातली ताटली. मागे 'सौ. मंदाकिनी यज्ञेश्वर' असायचं.

तिथे काही नव्हतं.

घासल्याची खूण नाही, ओरखडा नाही. जणू कधी कोरलंच नव्हतं.

"आता माझी भांडीही काढलीस वाटतं विकायला?"

"आई, मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग अक्षरं काय रजेवर गेली?"

पुढच्या शनिवारी दुपारी पुन्हा तोच आवाज. या वेळी तासभर. आमोद जागचा हलला नाही, हलवेना. नंतर त्याने फडताळ उघडलं. डबे, वाट्या, तांबे, एकेक उलटून पाहिलं.

आईचं नाव... एकावरही नव्हतं.

सोमवारी तो तिला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेला. खिडकीतल्या मुलीने फॉर्म सरकवला. "आजी, इथे नाव लिहा."

मंदाकिनीबाईंनी पेन टेकवलं.

पेन हललं नाही.

मागची रांग चुळबुळली. बाईंनी आमोदकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तूच सांग."

त्याने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं नाव आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं?"

डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, रिपोर्ट साफ आले. वय झालंय, म्हणाले. पण बुधवारी दुपारी आमोद उशाशी बसलेला असताना आई झोपेतच बोलली. आवाज तिचा, बोली नव्हे. मंदाकिनीबाईंनी अशी बोली जन्मात तोंडात येऊ दिली नसती.

"मी शकू. सीतारामाची. माझ्या नावावर तेवढंच हाय."

मग मात्र आमोदने हिशेब बघितला नाही. कॅफेवाल्याला, कोथरूडच्या बाईंना, नाशिकच्या गिऱ्हाइकाला, सगळ्यांना फोन केले. गरज ओळखून ज्याने त्याने भाव चढवला. एकोणतीस हजारांना अकराच्या अकरा नग परत आले. धोंडिबाने नगाला शंभर घेतले आणि त्याच जागी, तसंच खोल, ठिपका ठिपका ठोकून दिलं... सौ. शकू सीताराम.

आमोदने ती भांडी आईच्या खाटेसमोर मांडली आणि हात जोडले.

"तुमचं नाव परत घातलंय. माझी चूक झाली. माझी आई मला द्या."

ती उठून बसली. परात मांडीवर ओढली. अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. खूप वर्षांनी माहेरी आल्यासारखी हसली.

"झ्याक केलंस."

"आई?"

"ती न्हाई."

"कुठे आहे?"

"मला काय ठावं?" तिने पदराने परात पुसली. "घासलं की जातंय, बाबा."

त्याला आता दीड वर्ष झालं. धायरीच्या त्या फ्लॅटमध्ये आमोद आहे आणि आई आहे. जेवते, खाते, तब्येत उत्तम. दुपारी झोपत नाही, भांडी पुसत बसते. त्याला 'बाबा' म्हणते. वाघोलीहून शर्मिला एकदा बघायला आली होती. दारातूनच परत गेली, चप्पलही काढली नाही.

उरला हिशेब. शर्मिलाचे साडेपाच हजार तिच्याकडेच राहिले. गिऱ्हाइकांना नफा झाला. धोंडिबाला नाव घासायची मजुरी मिळाली, नाव घालायचीही मिळाली. आमोद चौदा हजार सहाशेला बुडाला, पण ते पगारातून भरून निघाले.

बाकीचं सगळं मंदाकिनीबाईंनी भरलं.