बिनखात्याचा मंत्री

युद्ध पहाटे सुरू झालं आणि नवं खातेवाटप दुपारच्या जेवणाआधी आटोपलं. सरकार इतक्या चपळाईनं हललेलं देशात कोणाला आठवत नव्हतं. पर्यटन खातं संरक्षणात विलीन झालं, कारण हॉटेलांची आता इस्पितळं व्हायची होती. सांस्कृतिक कार्य खात्याच्या दारावर 'मनोधैर्य' अशी पाटी लागली. रंग ओला असल्यामुळे मंत्रिमहोदय दिवसभर अंग चोरून आत-बाहेर करत होते. राष्ट्रीय ऐक्यासाठी विरोधी पक्षातल्या दोघांना घेतलं, आणि ऐक्य टिकावं म्हणून त्यांना टेबलाच्या दोन टोकांना बसवलं. एकच जागा कोणी मागत नव्हतं. साक्षीची.

मागच्या युद्धानंतर लोकांनी सरकारला साक्षी कायदा करायला भाग पाडलं होतं. त्यामागचं विज्ञान फार अवघड नव्हतं. माणसाच्या मनात विचार आला की मेंदूतल्या पेशींमध्ये विजेची एक बारीक नक्षी उमटते. प्रत्येक सैनिकाच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलेलं असे, त्याला अंत्यग्राहक म्हणत. सैनिक मरताना ते त्याच्या शेवटच्या क्षणांची नक्षी टिपून पाठवी आणि ती साक्षीच्या मेंदूत उमटे. साक्षी म्हणजे मंत्रिमंडळातलाच एक सदस्य. त्यानं रोज सकाळी बैठकीत उभं राहून 'पुढे चला' म्हटलं नाही, तर युद्ध त्याच दिवशी थांबवायचं. मरण म्हणजे काय हे ज्याला कळतंय, त्याच्याच तोंडून परवानगी यावी, असा तो भाबडा हेतू होता.

सगळ्यांच्या नजरा अनंतराव बोंद्र्यांकडे वळल्या.

अनंतराव मत्स्यव्यवसाय राज्यमंत्री होते. घराणं चार पिढ्या शाकाहारी, गाव समुद्रापासून शक्य तितकं लांब. पण त्यांची खरी ख्याती निराळी होती. त्यांच्या मनाला काही लागतच नसे. सभागृहात विरोधक वाभाडे काढत आणि अनंतराव खिशातल्या शेंगा सोलत बसत. पंतप्रधानांनी त्यांना कॅबिनेट दर्जा दिला, खातं मात्र दिलं नाही. साक्षीच्या डोक्याला दुसरा व्याप नको म्हणाले. "बिनखात्याचा मंत्री झालो," असं अनंतरावांनी घरी फोनवर सांगितलं तेव्हा शालिनीबाईंनी मोटार मिळणार का, एवढंच विचारलं. मोटार मिळणार होती.

डॉ. नफिसा मुजावर यांनी हे तंत्र शोधून काढलं होतं. ती नक्षी उतरवून घेणारं यंत्र अनंतरावांच्या कानामागे बसवायला त्या स्वतः आल्या. दुखेल का, असं अनंतरावांनी विचारलं.

"नाही साहेब. वेदना आम्ही वाटेतच गाळून टाकतो."

"मग माझ्यापर्यंत येतं काय?"

"चाचण्यांत जे आलं ते सांगते. देश येत नाही, झेंडा येत नाही. राहिलेली कामं येतात."

अनंतराव हसले. राहिलेल्या कामांवरच तर त्यांची कारकीर्द उभी होती. "बसवा," ते म्हणाले.

पहिलं आलं ते चहा पिताना. अनंतरावांनी कप खाली ठेवला आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय, असं सचिवाला सांगितलं. सचिवानं बंगल्याच्या गच्चीवर माणूस धाडला. तिथं टाकी नव्हती. मग कोणाची तरी दुरुस्तीला टाकलेली सायकल आणायची राहिली. कोणाच्या बहिणीबरोबर दवाखान्यात जायचं राहिलं. एका मुलीला 'कळवतो' म्हटलं होतं, ते राहिलं. कामं क्षुल्लक होती, पण जीव कासावीस करत होती, आणि करणारा आता अनंतरावांशिवाय कोणी उरला नव्हता. तरीही ते रोज उभे राहत आणि 'पुढे चला' म्हणत. शेंगा मात्र त्यांनी सोडल्या. सोलायला घेतल्या की बोटं भलत्याच कोणाची वाटत.

मग एक युद्धनौका बुडाली. दुसऱ्या दिवशी अनंतराव टेबलाला धरून उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "थांबवा आता."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी घडावंसं वाटत होतं. पंतप्रधानांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या आवाजात खरीच आपुलकी होती.

"हे 'नाही' कोण म्हणतंय, अनंतराव?"

साक्षी स्वतःच्या मनानं बोलत असेल तरच त्याचं बोलणं ग्राह्य, असं कलम होतं. डॉ. मुजावरना बोलावून घेतलं. त्यांनी नाव, गाव, बायकोचं नाव विचारलं. सगळं बरोबर आलं. शेवटी खाली बघत त्यांनी आवडीचं जेवण विचारलं.

"बांगड्याचं तिखलं," अनंतराव लगेच म्हणाले. "आईच्या हातचं. तिरफळ घालून. तेवढं तिरफळ बाजूला काढायचं." तोंडाला पाणी सुटलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि खोलीतल्या सगळ्यांच्याच.

"डॉक्टर, तुम्हाला हे ठाऊक होतं?" अनंतरावांनी विचारलं.

"होतं साहेब. ज्याला मरण कळतं, तो पूर्वीचा माणूस राहत नाही. कायदा करताना कोणी विचारलं नाही."

विधी सचिवांनी परिस्थिती समजावून दिली. ज्या साक्षीला मरण कळलं तो अपात्र, आणि जो पात्र त्याला अजून कळलेलं नाही. म्हणजे अडचण काहीच नव्हती. राज्यमंत्री पुष्कळ होते. फलोत्पादनवाल्यांना तिथल्या तिथे शपथ दिली. ते इस्त्रीच्या जाकिटात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात 'पुढे चला' म्हणाले.

अनंतरावांचं यंत्र काढून घेतलं. उमटलेली नक्षी पुसता येत नाही, असं डॉक्टरांनी दाराशी येऊन सांगितलं. मोटार त्यांना घरी सोडून परत गेली.

स्वयंपाकघरातून त्या घरात कधीच न आलेला वास येत होता. शालिनीबाई नाकाला पदर लावून रश्शात तिरफळं सोडत होत्या. कृती त्यांनी ड्रायव्हरच्या बायकोला विचारून घेतली होती. "रोज झोपेत मागता," त्या एवढंच म्हणाल्या.

अनंतराव जेवणघराच्या दाराशीच उभे राहिले. परक्या घरी आल्यासारखे.

शालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, थोडं त्यांच्या मागेही पाहिलं. मग फडताळातून ताटं काढायला घेतली.

"अहो," त्यांनी हळूच विचारलं, "पानं किती घेऊ?"

अनंतराव मोजायला लागले.