उकळलेल्या तारा

बेस गिटारच्या तारा मेल्या की त्या उकळायच्या, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. नव्या संचाचा खर्च नको असेल तर जुन्या चारही तारा उतरवायच्या, वेटोळी करून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या. बोटांचा घाम, मळ, वर्षानुवर्षं घासलेली कातडी, सगळं पाण्यात उतरतं आणि पाणी तपकिरी होतं. पुसून, वाळवून पुन्हा चढवल्या की तारा आठ-दहा दिवस खणखणीत बोलतात. मग दबतात. दुसऱ्यांदा उकळल्या तर कमी दिवस टिकतात, तिसऱ्यांदा त्याहून कमी. धाकट्याच्या दुकानात हे काम आठवड्यातून एकदा तरी निघायचंच.

धाकटा चांगला बावन्न वर्षांचा होता. थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याला धाकट्या म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही तेच म्हणायची. पुढे दुकान, मागे घर. दुकानात जुन्या बेस गिटार, दुरुस्तीला आलेले अँप, केबलींचे गुंते, खांद्याचे पट्टे, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली जुन्या तारांची सत्तरेक पाकिटं. काही वादक नव्या तारांना नाक मुरडतात आणि मुरलेल्याच शोधत गावोगाव फिरतात. त्यांच्यासाठी प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी असायची, तारा कुणी आणि किती वर्षं वाजवल्या त्याची. धाकटा सरळ डोक्याचा माणूस. अँप आपोआप गुरगुरतो, त्यात काहीतरी आहे, असं कुणी म्हणालं की तो मागचं झाकण उघडायचा, फुगलेला कपॅसिटर काढून त्या माणसाच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, हे होतं.

मागच्या खोलीत दादा अंथरुणाला खिळलेला होता. सव्वीस वर्षं एका हॉटेलच्या बँडमध्ये बेस वाजवलेला माणूस, आणि एका झटक्यात सगळं गेलं. आठ महिने शब्द नाही, हालचाल नाही, नुसते उघडे डोळे. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. वहिनी मात्र त्याचं सगळं करता करता त्याच्याशी दिवसभर बोलायची, मध्येच थांबायची, उत्तराला जागा ठेवून. ते थांबणं धाकट्याला ऐकवत नसे.

एकदा वहिनी म्हणाली, यांच्या गिटारवर गंज चढतोय, जरा बघा. धाकट्याने ती दुकानात आणली. दादाने त्या तारा सव्वीस वर्षांत एकदाही बदलल्या नव्हत्या. बदलल्या की माझा हात जातो, म्हणायचा. धाकट्याने सवयीने त्या उतरवल्या, उकळल्या, चढवल्या आणि सुरात लावायला बसला. शेवटची, जाड तार लावत असताना मागच्या खोलीतून आवाज आला.

"धाकट्या, अजून उतरलीय ती. जरा वर घे."

तार खरोखरच केसभर उतरलेली होती.

पुढचे नऊ दिवस घराला सण आल्यासारखे गेले. दादा बोलायचा, आमटीला नावं ठेवायचा, वहिनीला चिडवायचा. वहिनी रागावल्यासारखं करायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. दहाव्या दिवशी दादाच्या आवाजाची धार गेली. मग शब्द एकमेकांत मिसळायला लागले, आणि संध्याकाळपर्यंत नुसती घरघर उरली. धाकट्याने दुकानात येऊन गिटार छेडून पाहिली. तारा दबल्या होत्या.

त्याला स्वतःचंच हसू आलं. तरी त्याने त्या पुन्हा उकळल्या, खात्री करायला म्हणून. जाड तार सुरात आली तसं दादाने पाणी मागितलं.

या खेपेला पाच दिवस मिळाले. वहिनीला दादाची पाठ लालबुंद दिसली. तिला वाटलं, अंग पुसायचं पाणी जास्त तापलं असावं. तिसऱ्यांदा उकळल्यावर दादाच्या दोन्ही पायांच्या तळव्यांना फोड आले. वहिनी मलम आणायला गेली तेव्हा दादाने धाकट्याचं मनगट धरलं.

"पुन्हा नको रे."

"काय नको?"

"फार गरम असतं. आणि तू दहा मिनिटं ठेवतोस."

उकळण्याचं दादाला कुणीच सांगितलेलं नव्हतं. धाकटा घड्याळ लावून दहा मिनिटं मोजायचा, ते तर वहिनीलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी त्याने वहिनीला सगळं सांगितलं. आपल्याला वेड्यात काढतील, अशी त्याची अपेक्षा होती. वहिनी बराच वेळ हातातल्या मलमाच्या नळीचं झाकण लावत, काढत राहिली.

"भाऊजी, दहाऐवजी पाच मिनिटं ठेवल्या तर?"

"वहिनी, तो नको म्हणतोय."

"नको म्हणायला तरी बोलतायत ना."

 धाकट्याला तिचा राग करता येईना, कारण त्यालाही तेच हवं होतं. दोन दिवसांनी दादा पुन्हा मुका झाला. वहिनी पातेलं घेऊन दुकानात यायच्या आत धाकट्याने तारा उतरवल्या. पक्कड हातात घेऊन तो त्यांचे तुकडे करणार होता, पण हात धजावला नाही. तार तुटेल तेव्हा आणखी काय तुटेल, कुणी सांगावं? शेवटी त्याने त्या एका पाकिटात भरल्या आणि भिंतीवरच्या सत्तर पाकिटांत अडकवल्या. वहिनीला सापडू नयेत म्हणून चिठ्ठी लावली नाही. उभ्या आयुष्यात बिनचिठ्ठीचं पाकीट त्याने भिंतीवर लावलं ते हे एकच.

वहिनीने घरातला डबा न् डबा पालथा घातला. मग तिने शोधणं सोडलं आणि धाकट्याशी बोलणंही. दादाच्या तळव्यांचे फोड हळूहळू बरे झाले. डोळे तसेच उघडे. निदान त्रास तरी नाही, असं धाकटा मनाला बजावत राहिला.

महिन्याभराने तो औषधं आणायला गेला असताना वहिनी दुकानात बसली होती. परत आला तर भिंत रिकामी. नुसते खिळे. खाली एक जवळजवळ नवा अँप ठेवलेला. कितीतरी दिवसांनी वहिनी आपण होऊन बोलली. एकजण गाडी घेऊन आला, मुरलेल्या तारांचा शौकीन होता, सगळी पाकिटं घेऊन त्याने हा अँप दिला. चांगली अदलाबदल झाली की नाही?

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही. एकावर चिठ्ठी नव्हती, ते मी बाजूला काढत होते. तर तेच त्याने आधी उचललं. म्हणाला, या चांगल्या मुरल्यात, पण दबल्यात."

धाकट्याने रिकाम्या खिळ्यांवरून नजर फिरवली. वहिनीला काय सांगायचं? ज्या तारांसाठी तिने घर उलथंपालथं केलं, त्या तिने स्वतःच्या हाताने देऊन टाकल्या, हे?  त्याने अँप उघडून आत कुठे नाव, पत्ता, फोन सापडतो का पाहिलं. साऱ्या दुकानांत आणि ओळखीच्या वादकांकडे चौकशी केली. त्या माणसाला कुणीच ओळखत नव्हतं.

बारा दिवस काही झालं नाही.

तेराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, वहिनी दादाला पेपर वाचून दाखवत होती. वाचता वाचता ती थांबली. दादाच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. तिने चादर काढली. तळवे लाल झाले होते. बघता बघता लाली घोट्यांवर आली, मग गुडघ्यांवर.

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती, आणि ती त्याला बघवेना.

"तुम्हीच उकळायला ठेवल्यात ना? शेवटी काढल्यात ना बाहेर?"

धाकट्याने नकारार्थी मान हलवली. ती धावत स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद होता, पातेलं कोरडं फडताळात.

लाली कमरेवर आली. मग छातीवर.

धाकटा घड्याळाकडे बघत होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

पंधरा झाली.

तिकडे कुणी मिनिटं मोजत नव्हतं.

दादाचे ओठ हलले. वहिनी उशीशी वाकली, धाकटाही वाकला. आवाज अगदी पहिल्या दिवसासारखा स्वच्छ होता. जन्मभर दादा बायकोला अगं म्हणत आला होता आणि भावाला अरे.

"अहो," दादा अदबीने म्हणाला, "निदान झाकण तरी ठेवू नका."