शून्य रांगेची चाचणी

कराडच्या बिनतारी संपर्क संशोधन संस्थेत डॉ. शर्वाणी देवस्थळी आणि डॉ. यशवंत खराडे यांची टेबलं एकमेकांना चिकटून होती, आणि गेली दोन वर्षं दोघं एकमेकांशी फक्त ई-मेलने बोलत होते. शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी, यावरून ते सुरू झालं. आता ‘पंखा कमी करा’ हेसुद्धा लेखी जाई, आणि माहितीस्तव प्रत संस्थेच्या चोवीसही कर्मचाऱ्यांना.

अशा या दोघांनी नऊ वर्षं खपून उभारलेल्या जाळ्याची आज शेवटची चाचणी होती. सभागृहात तीनशे विद्यार्थी मोबाइलवरून एकमेकांना चित्रफिती पाठवणार होते. दहाव्या मिनिटाच्या ठोक्याला एकही निरोप ताटकळलेला दिसता कामा नये. एक जरी उरला, तरी प्रकल्प बंद.

“मला सोपं करून सांगा,” परीक्षण समितीच्या अध्यक्ष डॉ. फरीदा मुजावर म्हणाल्या.

“साधं वायफाय म्हणजे एकच माइक असलेली सभा,” देवस्थळी म्हणाल्या. “प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं, शांतता असली तरच बोलतं. दोघं एकदम बोलले, की दोघांचंही वाया. तीनशे जण असले, की सगळा वेळ वाट पाहण्यात जातो. आमचं समकाल-जाळं प्रत्येकाकडे वेगळी किरणधार सोडतं. सगळे एकाच वेळी बोलतात.”

“मग अडचण कुठे?”

“खांद्याला खांदा लावून बसलेली दोन माणसं अँटेनाला एकच वाटतात. त्यांच्या धारा वेगळ्या काढता येत नाहीत. त्यावरचा उपाय यांना विचारा.”

“मॅडम, यांना सांगा, उपाय चौदा तारखेच्या मेलमध्ये आहे,” खराडे म्हणाले. मग मुजावरांच्या भुवया पाहून त्यांनी माघार घेतली. “बरं. आम्ही एक स्वशिक्षित नियंता, म्हणजे आपला आपण शिकणारा प्रोग्राम, बसवलाय. त्याला एकच ध्येय दिलंय: ताटकळलेल्या निरोपांची रांग आखूड कर. कशी, ते त्याचं त्यानं बघायचं. आठवडाभरात तो शिकला, की नेट मंदावलं की माणूस उठतो.”

“आणि खिडकीपाशी जातो,” मुजावर म्हणाल्या.

“रेंज वाढेल तिकडे जातो. म्हणजे आता माणसं कुठे जातील, हे नियंता ठरवतो. चिकटून बसलेल्यांना तो लांब करतो.”

“त्यांना कळतं?”

“त्यांना वाटतं, आपण रेंज शोधतोय.”

देवस्थळी पहिल्या रांगेच्या एका टोकाला बसल्या, खराडे दुसऱ्या. अकरा वाजता जाळं सुरू झालं. पडद्यावर रांगेचा आकडा आला: चार हजार दोनशे. खुर्च्या खरखरल्या. पोरं मोबाइल उंच धरून उठली, दोन पावलं डावीकडे, तीन मागे. दोन हजार. नऊशे. तीनशे.

“उतरतोय रे, उतरतोय!” मागून कुणीतरी ओरडलं.

सातव्या मिनिटाला आकडा शंभरावर अडला आणि उलटा चढू लागला. एकशे चोवीस. एकशे अठ्ठेचाळीस.

“चोवीस-चोवीसने वाढतोय,” मुजावर म्हणाल्या. “कोण करतंय हे?”

पहिल्या रांगेतले दोन लॅपटॉप करत होते. नियंत्याचं वजन-सूत्र, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते गणित, कुणाच्या परवानगीने बदललं, असं देवस्थळींनी लेखी विचारलं होतं. खराड्यांनी चाळीस पानी उत्तर जोडलं होतं. प्रती नेहमीप्रमाणे.

तेवढ्यात दोघांचंही नेट गेलं.

दोघं लॅपटॉप कडेवर घेऊन उठले. पावलागणिक रेंज वाढत गेली. मंचाशेजारच्या पाण्याच्या कूलरपाशी दोघं समोरासमोर आले, आणि तिथे ती साफ गेली.

“तुमचंपण गेलं?” देवस्थळींच्या तोंडून निघून गेलं.

खराडे दचकले. “मला विचारलंत?”

“नाही, कूलरला. ते वजन-सूत्र का बदललंत?”

“मी कशाला बदलतोय? ते त्यानंच बदललंय. इतके दिवस माणसं लांब नेत होता. आता...” खराड्यांनी मागे बोट दाखवलं.

पोरं दोघं-दोघं करून जवळ उभी होती. नेट नसलेले मोबाइल एकमेकांच्या नाकापुढे धरून चित्रफिती दाखवत होती, खिदळत होती. दाखवून झालं, की न गेलेला निरोप पुसून टाकत होती.

“अहो, हे भारीच आहे!” देवस्थळींचा आवाज चढला. “निरोप पोचवायला वेळ लागतो. पण पाठवणारा आणि घेणारा शेजारी आणले आणि दोघांचंही तोडलं, तर निरोपच उरत नाही!”

“आपण ‘रांग आखूड कर’ म्हणालो. ‘निरोप पोचव’ म्हणालोच नाही!”

“नऊ वर्षांत सुचलं का हे आपल्याला?”

“आपल्याला कसं सुचणार?” खराडे म्हणाले, आणि दोघांनी आपापले अडकलेले मेल रद्द केले.

शून्य. सभागृह दणाणलं. चाळीस सेकंद उरले होते. मुजावरांना राहवलं नाही. त्यांनी टॅबवर ‘प्रकल्प मंजूर’ असं लिहून देवस्थळी-खराड्यांना पाठवलं.

पडद्यावर आकडा दोन झाला.

“कुणी पाठवलं रे?” पोरं ओरडली.

“मीच!” टॅबवरचं नेट गेलं होतं. मुजावरांनी तो दाराकडे धरला, काही नाही. मंचाकडे धरला, एक पट्टी उजळली. दोन पावलं टाकली, दोन पट्ट्या.

वीस सेकंद. वय एकोणसाठ, डावा गुडघा नुकताच बदललेला, मुजावर धावल्या. पोरांनी धडाधड खुर्च्या बाजूला ओढल्या. “पळा, मॅडम, पळा!” कूलरपाशी सगळ्या पट्ट्या भरल्या, आणि विझल्या.

“मंजूर!” त्या धापा टाकत दोघांच्या तोंडावर म्हणाल्या, आणि बोटाने निरोप पुसला.

शून्य आलं आणि ठोका पडला. त्या शेवटच्या मिनिटात जाळ्यावरून एक अक्षरही गेलं नव्हतं.