एकशे बारा माणसांचं बंदर

कवळीवाले दुपारचं जेवण उरकून घराबाहेर पडले ते फक्त तीन दोऱ्यांसाठी.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. तीस वर्षं एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे, असं ते म्हणत, आणि उरलेल्या अर्ध्यानं जरा धीर धरावा, असंही. दात घडवायच्या त्याच बारीक कोरण्या आणि तेच मेण वापरून ते संध्याकाळी जहाजं बनवत. वीतभर, हातभर लांबीची, शिडाची जहाजं. अकरा झाली होती. बारावं मात्र हौसेचं नव्हतं, ते आईसाठी होतं.

त्यांचा थोरला भाऊ एकोणिसाव्या वर्षी तीन डोलकाठ्यांच्या एका जहाजावर शिडं शिवायच्या कामाला लागला आणि ते जहाज परत आलंच नाही. ना फळकूट सापडलं, ना निरोप आला. या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली. पण तो गेला, असं आईनं एकदाही तोंडानं म्हटलं नाही. घरातली सगळी माणसं आत आली तरी ती दाराला कडी लावू देत नसे. झोपायच्या वेळी स्वतः उठून, दोनदा बाहेर डोकावून मगच लावायची. आता ती चौऱ्याऐंशीची होती. तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी बाहेर नेऊन हळूच सांगितलं होतं, की आता दिवसांचा हिशेब धरा.

"तो कुठं झोपायचा, कुठं उभा राहायचा, ते एकदा बघू दे मला," एवढंच तिनं दोन वर्षांपूर्वी मागितलं होतं. तेव्हापासून कवळीवाले जिवाचं रान करत होते. जहाज जवळजवळ पुरं झालं होतं. मागच्या डोलकाठीच्या तीन दोऱ्या कुठून कुठं जातात, एवढंच कळत नव्हतं, आणि त्याच बांधणीचं जहाज वस्तुसंग्रहालयातल्या मोठ्या देखाव्यात होतं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी ते जहाज आईच्या पलंगाशी स्टुलावर ठेवलं होतं. तिनं कठड्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "सगळं खरं आहे रे. पण वर चढायचं कुठून?"

आता, जहाजं बनवणाऱ्या माणसांत एक रीत आहे. धक्क्यावरून जहाजावर चढायची फळी बनवायची, पण लावायची नाही. ती जहाजाच्या पोटात सुटी ठेवून द्यायची. का, ते कुणी सांगत नाही, पण पाळतात सगळे. कवळीवाल्यांनीही अकरा जहाजांना पाळली होती. बाराव्या वेळी आईच्या तोंडाकडे बघून त्यांचा हात काही आवरला नाही. त्यांनी फळी काढली, एक टोक जहाजाला टेकवलं, एक स्टुलाला, आणि दात चिकटवायच्या गोंदानं पक्की केली. हा गोंद सुटत नाही, अशी ते गिऱ्हाइकांना हमी देत.

आई केवढी हसली होती!

वस्तुसंग्रहालयात दुपारी चिटपाखरू नव्हतं. जहाजांचं दालन सगळ्यात शेवटी, खिडक्या नसलेलं. आत शिरताच जुन्या रोगणाचा आणि धुळीचा वास आला. मध्यभागी भिंतभर काच आणि काचेमागे दीडशे वर्षांपूर्वीचं एक बंदर. प्लास्टरचा समुद्र, नऊ जहाजं, दगडी धक्का, गोदामं आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. देखाव्यावरचे दिवे आपोआप बदलत. पहाट, दुपार, संध्याकाळ आणि मग रात्र. सगळा दिवस सात मिनिटांत संपायचा. रात्र झाली की गोदामांच्या खिडक्यांत पिवळे ठिपके उरत, बाकी दालनभर मिट्ट काळोख.

कवळीवाल्यांनी वही काढली, कवळ्यांच्या कामातलं भिंग डोळ्याला लावलं आणि तीन डोलकाठ्यांचं जहाज शोधलं. दोऱ्या सापडल्याही. ते मन लावून रेखाटू लागले. सवयीनं त्यांनी धक्काही काढला, पिंपं काढली, आणि दिव्याच्या खांबाला टेकून उभी असलेली एक म्हातारी काढली.

दिवे मावळले. रात्र झाली. पहाट झाली.

म्हातारी खांबाशी नव्हती. ती पिंपांशी होती.

आपलंच चुकलं, असं म्हणून त्यांनी वहीत बघितलं. वहीत ती खांबाशीच होती. ज्या माणसाला दाताची केसभर उंची नजरेनं कळते, त्याच्या हातून खांब आणि पिंप यांची गल्लत होत नाही. तरी त्यांनी मनाची समजूत घातली. डोळे थकले असतील, आईपायी तीन रात्री धड झोप नाही. त्यांनी तारीख घालावी तसं वहीत बारीक अक्षरात लिहिलं, 'आता पिंपांपाशी', आणि लिहून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

पुढच्या रात्रीत कान उगाच टवकारले गेले. काचेमागून लाकूड करकरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ओल्या दोरखंडाचा वास आला... प्लास्टरच्या समुद्राला कुठला वास?

पहाट झाली तेव्हा म्हातारी पिंपांच्या बरीच पुढे होती. आणि आता जहाजापासून धक्क्यापर्यंत एक फळी टाकलेली त्यांना दिसली. मघाच्या चित्रात त्यांनी ती काढलीच नव्हती. फळीच्या वरच्या टोकाशी, जहाजाच्या कठड्याला धरून, एक माणूस उभा होता. त्याचा एक हात पुढे आला होता.

त्यांनी भिंग काचेला टेकवलं. माणसाच्या गळ्यात पिवळा मफलर होता आणि मफलरचं एक टोक हिरवं होतं.

आईनं थोरल्यासाठी मफलर विणला होता तेव्हा पिवळी लोकर संपली होती. शेवटची वीतभर तिनं हिरवी घातली, आणि 'हे काय पोपटासारखं' म्हणून तो घरभर चिडला होता. तरी जाताना घालून गेला होता.

"काचेला टेकू नका हं," मागून आवाज आला.

ते केवढ्यांदा दचकले! मागे देखाव्याची दुरुस्ती करणाऱ्या बाई उभ्या होत्या. पिकलेले केस, खिशात रंगाचे बारीक कुंचले. हातात एक वही त्यांच्याही होती.

"बाई, तो मफलरवाला... कुणी रंगवला?"

"मी नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मी इथं लागले, तेव्हापासून तो तिथंच आहे." बाईंनी आवाज खाली आणला. "तुम्ही जहाजं बनवता ना? बोटांवरून कळतं. घरी एखादं चालू आहे का?"

"आहे."

"फळी लावलीत?"

कवळीवाल्यांची नजर काचेमागच्या फळीकडे गेली.

"मी रोज सकाळी माणसं मोजते," बाई म्हणाल्या. "एकशे बारा. मला शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, मोजत जा, आणि नऊच्या नऊ फळ्या आत आहेत का ते बघत जा. सव्वीस वर्षांत कधी चूक नाही. आज सकाळी एकशे तेरा भरली... आणि आता ही फळी बाहेर."

"मग काढा ना ती! काच उघडा!"

"चार माणसं लागतात काच उतरवायला, आणि आज सुट्टीवर दोघं. मागच्या दारातून माझा हात पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाही. ती जास्तीची म्हातारी काढायला सकाळपासून खटपट करतेय." बाईंनी काचेकडे बोट केलं. "ती म्हातारी कोण आहे, तुम्हाला ठाऊक आहे का?"

काचेमागे संध्याकाळ होत होती. म्हातारी पाठमोरी होती. किंचित डावीकडे झुकलेली, एक हात कमरेवर. ती चाल कवळीवाल्यांनी जन्मभर पाहिली होती. त्यांना एकदम कळलं.

त्यांनी घरी फोन लावला. बायकोनं उचलला.

"अगं, आई कशी आहे?"

"आहेत शांत. पण अहो, मघापासून सपाता मागताहेत. तीन आठवडे पाय टेकला नाही आणि म्हणतात, सपाता दे, अंधार पडायच्या आत पोचायचंय. शेवटी मी घातल्या पायात, म्हटलं तेवढंच समाधान."

"तिच्या स्टुलावरचं जहाज बघ. त्याची फळी मोडून टाक."

"काय?"

"मोड म्हणतो ना! पक्कड घे, कात्री घे..."

"दोन वर्षांचं काम आहे तुमचं! आणि आईंचा हात आहे फळीवर. बोटं ठेवून पडल्यात."

काचेमागे रात्र झाली. दालन बुडालं. अंधारात ओल्या दोरखंडाचा वास असा दाटून आला की श्वास कोंडला. लाकडावर हलकं पाऊल पडावं तसं काहीतरी वाजलं. एकदा... मग थोडं थांबून दुसऱ्यांदा. शेजारी बाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"हात बाजूला कर तिचा," ते फोनमध्ये पुटपुटले. "पाया पडतो तुझ्या. मोड."

फोनमधून आईचा आवाज आला, लांबून, "नको गं..." आणि मग कट् असा आवाज.

पहाट झाली. फळी नव्हती. मफलरवाल्याचा हात अजून पुढेच होता, पण खाली कुणी नव्हतं त्या हातात हात द्यायला. म्हातारी धक्क्याच्या अगदी कडेला उभी होती. आता ती पाठमोरी नव्हती. तिनं तोंड वळवलं होतं आणि ती काचेतून सरळ कवळीवाल्यांकडे बघत होती.

बाईंच्या वहीत घाईनं आपला नंबर खरडून, मिळेल ती गाडी पकडून ते घरी पोचले तेव्हा बाहेर अजून चांगला उजेड होता. धावत आत शिरले. आई उशीला टेकून चक्क बसली होती. चेहऱ्यावर रंग होता. बायको डोळे पुसत हसत म्हणाली, "बघा ना, पेलाभर दूध प्यायल्या!" आणि आणखी दूध तापवायला आत गेली.

कवळीवाले पलंगाशी गुडघ्यांवर बसले. जीव भांड्यात पडला होता, आणि तरी आईच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत होत नव्हती.

"का रे मोडलीस?" आई म्हणाली.

"आई, तू..."

"मला ठाऊक होतं मी कुठं चाललेय ते. मी काय कुक्कुलं बाळ आहे? बेचाळीस वर्षांनी हात दिला होता त्यानं. एवढा," तिनं बोटांत अंतर दाखवलं, "एवढा राहिला होता."

त्यांना रडू फुटलं. साठीच्या माणसानं रडावं तसं नाही, अगदी लहान मुलासारखं हमसून. आपण आईला वाचवलं, आणि तिनं जे एकच मागितलं होतं ते तिच्या हातातून हिसकावलं, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. तू पहिल्यापासूनच भित्रा." मग खिडकीकडे बघत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "फळी नसली म्हणून काय झालं? पोहता येतं त्याला. मीच शिकवलंय."

खिशात फोन वाजला. दुरुस्तीवाल्या बाई होत्या.

"तुमची आई...?"

"बरी आहे," कवळीवाले म्हणाले. "उठून बसलीय."

"बरं झालं." पण बाईंचा आवाज बरं वाटल्यासारखा नव्हता. "तुम्ही गेल्यावर देखाव्यात एक रात्र झाली, आणि म्हातारी नाहीशी झाली. मला वाटलं, सुटलो. निघायच्या आधी म्हटलं पुन्हा मोजू. एकशे बारा हवीत ना..."

"मग?"

"चार वेळा मोजली. एकशे अकरा आहेत. तो जहाजावर नाही. आणि समुद्रावर, जहाजापासून धक्क्यापर्यंत, प्लास्टरला मोठा तडा गेल्यासारखी एक रेघ आहे. ती धक्क्यावर चढते... आणि काचेपाशी येऊन थांबते."

कवळीवाल्यांनी फोन कानावरून खाली आणला. घाईत आत शिरताना दार उघडंच राहिलं होतं, हे त्यांना आता आठवलं. पाठीमागून वारा येत होता. त्या वाऱ्याला ओल्या दोरखंडाचा वास होता.

आई त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. एवढी हसताना त्यांनी तिला तरुणपणीही पाहिलं नव्हतं.

"असा उभा का दारात? ये आत," ती म्हणाली. मग धाकट्याला हळू आवाजात, "उठ. टॉवेल दे त्याला आधी."

कवळीवाले उठले. मागे वळून बघायचं त्यांच्याच्यानं झालं नाही. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला आणि तोंड भिंतीकडेच ठेवून हात मागे केला.

क्षणभरानं हातातलं वजन गेलं. टॉवेल खाली पडल्याचा आवाज मात्र आला नाही.