पहिल्या हाकेला ओ

बसा. इकडे कूलरसमोर बसा, तिथे नुसता आवाज येतो, हवा येत नाही. मघाशी तुम्ही फाटकातून 'अहो' म्हणालात आणि तुमचं 'अहो' संपायच्या आत मी आतून 'ओ' म्हणून ओरडले. तुम्हाला हसू आलं, ते मी पाहिलं. हसा, या लेआउटमधली सगळी घरं हसतात. पण तुम्ही शेजारी राहायला आलात, घरात लहान मूल आहे, म्हणून सांगून ठेवते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी अशी नव्हते. तेव्हा तीन हाका झाल्याशिवाय मी देवालासुद्धा ओ देत नव्हते.

आम्ही कळंबला आलो ते गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी. अंकुर, माझा नवरा, बियाण्याच्या कंपनीत आहे. पेरणीच्या आधी त्याला घरी जेवायलाही फुरसत नसते, राळेगावपर्यंतची सगळी गावं मोटरसायकलवर पालथी घालतो. त्याआधी चार वर्षं मी बोरी अरबला सासरी होते. घर भरलेलं, माणसं चांगली. पण तिथे माझं स्वतःचं म्हणावं असं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्यामुळे हे दोन खोल्यांचं भाड्याचं घर मला राजवाडा वाटत होतं. पहिल्या दिवशी मी उगाचच चार वेळा दार उघडलं आणि लावलं.

काळजी एकच होती, भैरवीची. सव्वादोन वर्षांची झाली तरी पोरगी एक शब्द बोलत नव्हती. नाव आजोबांनी ठेवलेलं. माझे सासरे रामराव भजनी मंडळात पेटी वाजवतात, भैरवीशिवाय त्यांचं भजन संपत नाही. आणि नात अशी, की सासूबाई म्हणायच्या, "भजन संपल्यावरच्या सतरंजीवानी गुपचूप पडली राह्यते." यवतमाळच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम. "बोलेल, घाई करू नका," म्हणाले. घाई नव्हती हो मला. मला फक्त एकदा 'आई' ऐकायचं होतं. मी दिवसभर तिच्यासमोर 'आ...ई' करत बसायचे आणि ती माझे दात बघत बसायची.

निघताना सासूबाईंनी, बेबीताईंनी, टेम्पोत ज्वारीचं पोतं आणि लोणच्याची बरणी चढवली आणि दोन गोष्टी सांगितल्या.

"एक. घरात मानसं नाही, त लेकरू बोलन कोनाशी? कूलरशी? मिरगालोक पाह्यतो मी. तोवर बोलली नाही, त सामान भरून सीधी बोरीले वापस."

मृग लागतो सात जूनला. म्हणजे माझ्या राजवाड्याची मुदत सव्वा महिना.

"आन दोन. भर दुपारी कोनी हाक मारली, त एका हाकेले ओ देऊ नको बरं. तीन हाका होऊ दे."

"काहून?" मी विचारलं. त्यांच्यासमोर मी 'काहून' म्हणते, त्यांना बरं वाटतं.

"जित्तं मानूस तीनदा बलावते. ते दुसरं जे असते ना, त्याले एकदाच येते."

मी बी.एस्सी. आहे. पण बी.एस्सी.ला रिकाम्या लेआउटमधली भर दुपार अभ्यासाला नव्हती. तेव्हा इथे घरं सहा, त्यातली चार बंद. मागे हे अंगण, पुढे खुंट्या ठोकलेले प्लॉट, त्यापुढे नांगरून पडलेलं वावर. बारा वाजले की रस्त्यावर माणूस नाही, कुत्री नालीत पोट टेकून पडलेली. आणि साडेबाराला, नेम धरल्यासारखी, लाइट जायची. कूलर घरघर करत मंदावायचा, पाती मोजता येतील इतका मंद व्हायचा आणि थांबायचा. ओल्या वाळ्याचा वास खोलीत भरून राहायचा. आत थोडा वेळ टप... टप... पाणी गळायचं. मग तेही थांबायचं.

तिसऱ्या दिवशी, टपटप थांबल्यावर, मागच्या अंगणातून हाक आली.

"सुरभीऽऽ..."

बाईचा आवाज. म्हातारा नाही, तरुण नाही, गोड. 'ये, पान वाढलंय' म्हणताना लागतो तसा. मी तोंड उघडलं होतं, पण बेबीताई आठवल्या आणि ते तसंच मिटलं. भैरवीला जवळ ओढून मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत बसले. दुसरी हाक आली नाही. एकला लाइट आली, कूलर सुरू झाला, आणि मी घामाने चिंब होते.

रोज एक हाक. रोज साडेबारानंतर. मी नियम पाळला, आणि इतका पाळला की जिवंत माणसांचे हाल झाले. पाण्याचा टँकर घेऊन नेमसिंग यायचा. त्याने फाटकातून एकदा "वहिनी!" म्हटलं, मी गप्प. तो निघून गेला. दोन दिवस कूलर कोरडा, चव्वेचाळीस डिग्री, आणि मी भैरवीला वर्तमानपत्राने वारा घालते आहे. तिसऱ्या दिवशी नेमसिंगला गाठून सांगितलं, तीनदा हाक मारत जा. तेव्हापासून तो एका श्वासात "वहिनीवहिनीवहिनी" म्हणतो. एकदा अंकुर दुपारी अचानक घरी आला. फोन बंद पडलेला, बेल बसवायची राहिलेली. पहिल्या हाकेला मी भैरवीला घेऊन पलंगाआड बसले. तिसऱ्या हाकेपर्यंत त्याच्या डोक्याला पुरतं ऊन लागलं होतं आणि त्या हाकेत माझ्या माहेरचाही उल्लेख होता.

शेवटी मी खरबुजंवाल्या लालीबाईला विचारलं. ती डोक्यावर टोपली घेऊन लेआउटभर फिरते, तिला इथलं सगळं ठाऊक.

"इथं पयले वावर होतं ना, तवापासून हाय ते," लालीबाई म्हणाली. "दुपारच्यानं हाका मारते. ज्याच्या घरी जाते त्याच्या घरचं नाव घेते."

"कोण होती ती?"

"कोन जाने! काही करत नाही बिचारी. कोनी ओच देत नाही तिले, त करन काय?" आणि एक खरबूज उचलून माझ्या नाकाशी धरलं. "हे घ्या, गोड हाय."

खरबूज फिकं निघालं. पण 'कोनी ओच देत नाही' हे माझ्या डोक्यात राहिलं. मला तिची थोडी दयासुद्धा आली, खोटं का बोलू? रोज हाक मारायची आणि समोरून उत्तर नाही, याचा अनुभव मलाही होताच की.

मग वीस मे उजाडला. लाइट गेली, कूलर थांबला, टपटप थांबली.

"सुरभीऽऽ..."

आणि चटईवर बसलेली भैरवी, हातातला चमचा खाली ठेवून, स्वच्छ म्हणाली, "ओ!"

मला आधी आनंदच झाला. आईचं काळीज हो, त्याला नियम कळत नाहीत. पोरगी बोलली! मी तिला उचलून गरागरा फिरवलं, आणि तिसऱ्या गिरकीला माझ्या लक्षात आलं की ती बोलली, पण कोणाशी? मी तिला खाली ठेवलं. तरी फोन मी केलाच.

"बोलली!" मी म्हटलं.

"काय बोलली?" सासूबाईंनी विचारलं.

"ओ म्हणाली."

"कोनाले?"

"...मला."

"तू हाक मारली होती काय?"

"हो."

"किती डाव?"

"तीन," मी म्हटलं. खोटं बोलायचंच तर नियमात बसणारं बोलावं.

त्यानंतर पोरीचं तोंड मिटलं नाही. दुपारी हाक यायची, ही ओ द्यायची, आणि मागच्या जाळीच्या दाराशी जाऊन बसायची. हाकेनंतर मला पलीकडचं काही ऐकू येत नसे. फक्त हिचं ऐकू येई. "हो." मग बराच वेळ शांत. "नाई." शांत. मग एकदम खुदकन हसणं. आणि आठ दिवसांत ती जे बोलायला लागली ते ऐकून मी कपाळावर हात मारला. मी यवतमाळच्या हेडक्लार्कची मुलगी, आमच्या घरी 'ण'चा 'न' झाला तर वडील जेवणाच्या ताटावरून उठायचे. माझी लेक शुद्ध बोलेल असं मी ती पोटात असताना ठरवलं होतं. आणि ही जाळीपाशी उभी राहून म्हणते, "मले पानी पाह्यजे!"

"तूच बोलत असशील दिवसभर," अंकुर म्हणाला.

"मी?" मी म्हटलं. "मी 'मले' म्हणते?"

सासूबाईंनी फोनवर नातीचं "आजी, तू काहून नाई आली वं?" ऐकलं आणि ढसाढसा रडल्या. "माह्यावर गेली वं माय! माह्या वळनाची निंगाली!" मग नाक पुसून मला म्हणाल्या, "राह्य बाप्पा तिथंच. तुह्यं ध्यान हाय लेकराकडे."

राजवाडा वाचला. आता तुम्ही म्हणाल, तुला कळत नव्हतं का? कळत होतं. न कळायला काय झालं? पण मिरगाला अजून दहा दिवस उरले होते, तेवढ्यात पोरगी पुन्हा गप्प झाली तर? साडेबारा वाजले की मी पोरीचं तोंड धुऊन, केस विंचरून, जाळीपाशी चटई टाकून द्यायचे आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून जायचे. शिकवणीला मुलं सोडतात ना, तसं. त्याची मला अजून लाज वाटते.

सगळं बोलायची ती. 'कूलर' बोलायची, 'खरबूज' बोलायची, 'नेमसिंग' तर तीनदा बोलायची. फक्त 'आई' नाही. मला ती "सुरभीऽऽ" म्हणायची, त्याच चालीत, शेवटचं अक्षर लांबवून. मी मनाला समजावायचे, जे कानावर पडतं तेच मूल बोलतं. मग रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे.

सात जूनला, मिरगाच्या दिवशी, मी स्वयंपाकघरात रसासाठी आंबे पिळत होते. लाइट गेलेली. त्या दिवशी अंगणातून हाक आलीच नाही. मला वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात जाळीपाशी भैरवीचा आवाज आला.

"आईऽऽ!"

दोन वर्षं आणि साडेचार महिने वाट पाहिली होती मी त्या शब्दाची. डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडलं... आणि आवाज निघेना. सव्वा महिन्याची सवय. मनातल्या मनात मी मोजलं, एक. आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. दोन सेकंद असतील, फार तर तीन.

तेवढ्या वेळात जाळीच्या पलीकडून, अगदी जवळून, कोणीतरी मायेने म्हणालं,

"ओऽ... आली वं, माय."

रसाचं भांडं कुठे पडलं मला माहीत नाही. मी पोचले तेव्हा भैरवी प्लास्टिकच्या स्टुलावर चवड्यांवर उभी होती. ते स्टूल तिने मोरीतून स्वतः ओढत आणलं होतं. तिचा हात कडीवर होता आणि कडी अर्धी निघाली होती.

मी तिला ओढून घेतलं, कडी परत लावली आणि ओरडले, "ओ! ओ! ओ!" तीन वेळा. "मी! मी आहे तुझी आई!" बाहेर कोणी नव्हतं. नुसतं ऊन, आणि दोरीवर वाळून कडक झालेलं भैरवीचं झबलं. भैरवीने आंब्याच्या रसाने बरबटलेल्या माझ्या गालाला हात लावला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि विचारलं, "आई?"

"ओ," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

त्या दिवसापासून मी पहिल्या हाकेला ओ देते. कोणाच्याही. कुल्फीवाल्याला देते, भोंगा लावून जाणाऱ्या भंगारवाल्याला देते. नेमसिंग तर मागे म्हणाला, "वहिनी, आज म्या हाक मारलीच नाही अजून." त्यावर आम्ही दोघंही हसलो होतो. माझ्या लेकराची हाक दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाऊ द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. आणि वर्षभर सगळं ठीक चाललं होतं. दुपारी मागून कधी काही आलं नाही.

परवा दुपारी लाइट गेली, आणि मी इथेच, आत्ता बसले आहे तशी, कूलरसमोर तूर निवडत होते. मागच्या अंगणातून "आईऽऽ" अशी हाक आली. आवाज भैरवीचा. मी तूर निवडता निवडता म्हटलं, "ओ, आले गं." आणि उठायला गेले तर उठता येईना, मांडी जड झाली होती. भैरवी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

ओ तर देऊन झाली होती.

मी सासूबाईंना फोन लावला आणि या वेळी सगळं खरं सांगितलं, वीस मेपासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त विचारलं, "किती हाका आल्या?"

"एकच."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बॅग भरून राह्यली मी."

आज साडेचारच्या एसटीने येतायत. कपाटाची एक किल्ली मी त्यांच्यासाठी काढून ठेवली आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, आणि पहिल्यांदाच मी सासूबाईंची वाट बघते आहे.