उलट्या फंडाचा धडा

बुसानच्या मासळीबाजारात बोरामच्या फिशकेकच्या पातेल्याची वाफ इतकी दाट, की म्हणे एकदा एक बोट वाट चुकून थेट तिच्या दाराशी नांगर टाकायला आली होती. तोच वास अंगावर घेऊन ती दुपारी दोनला शेअर दलालाच्या शाखेत शिरली आणि काउंटरवरच्या तेहुनपुढे एक चिठ्ठी सरकवली.

"हा माझ्या धड्याचा नंबर. उलटा फंड द्या. दुप्पटवाला."

बाजार एक पायरी उतरला की दोन पायऱ्या चढणारा तो फंड. तासाभराचा ऑनलाइन धडा ऐकून नंबर मिळवल्याशिवाय तो कुणाला मिळत नाही.

तेहुनने नंबर टाकला... आणि ओठ चावला. "मॅडम, हा तर मानसोक यांच्या नावावर आहे."

"बाबा माझे. माझे हात पिठात होते, म्हणून त्यांच्या फोनवर लावला. ते शेजारी घोरत होते, ऐकला मी."

"म्हणजे आता ते घेऊ शकतात. तुम्ही नाही."

"वा. परवा बाबांनी सगळी शिल्लक एका औषध कंपनीत घातली, तेव्हा तुम्ही त्यांना कॉफी पाजलीत. मला मात्र शाळा."

"नियम काळजीपोटीच आहे..."

"काळजी घरी पोत्याने आहे. बाबा करतात, दादा करतो. मला फंड हवाय. विचारा धड्यातलं काहीही."

"बरं. बाजार शंभराचा नव्वद झाला, मग परत शंभर. तुमच्या शंभराचं काय?"

"आधी एकशेवीस. मग त्र्याण्णव." तिने कागदाला हातही लावला नाही. "बाजार जागेवर आणि मी सात उणे. हा फंड मुक्कामाला ठेवायचा नसतो, साहेब."

तेहुनचं पेन थांबलं. त्याच्या मॅनेजरलाही हे सांगता आलं नसतं.

"साडेतीनला बाजार बंद होतो," तो हळूच म्हणाला. "आत्ता बसलात तर..." त्याने 'जेवायला गेलो' ही पाटी लावली आणि किंबापचा डबा घेऊन सोफ्यावर तिच्या शेजारी आला.

"पहारा का?"

"नाही. नोकरी लागली तेव्हा धडा लावून मीही झोपलो होतो."

एक इअरफोन तिच्या कानात, एक त्याच्या. वायर आखूड निघाली — खांद्याला खांदा लागला, आणि दोघांनीही तक्रार केली नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी नंबर आला. तिच्या स्वतःच्या नावाचा. ठरवले होते तेवढ्याच पैशांचा फंड तिने घेतला, एक वॉनही जास्त नाही.

"तुमच्याकडे काय आहे?" तिने विचारलं.

"सुलटा. दुप्पट."

"म्हणजे बाजार पडला तर मी हसणार, चढला तर तुम्ही."

"आणि वरखाली करत जागेवरच राहिला तर?"

"दोघांचंही झिजेल."

"मग..." त्याचे कान लाल झाले. "एकत्र झिजू या?"

"बाबांना विचारावं लागेल," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरलेला तिने मनसोक्त पाहून घेतला. "असं म्हणेन, वाटलं ना तुम्हाला? सहाला दुकान बंद होतं. उपाशी या."