चिपळी आणि मंगळावरचं जाळं

या रे बाळांनो, जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. मंगळावरच्या एका मुक्या दगडाला बोलतं कोणी केलं, ते सांगतो.

मंगळावर आपली ‘चिपळी’ हिंडत होती. चिपळी म्हणजे रोव्हर (चाकांवर फिरणारा यंत्रमानव). तिने एका दगडाचं छायाचित्र पाठवलं. त्याचा पोत (पृष्ठभागाची ठेवण) थेट मधाच्या पोळ्यासारखा! हे जाळं विणलं कोणी? दगड आतून तपासायचा, तर चिपळीच्या गिरमिटाला (भोक पाडायच्या हत्याराला) एकच पातं उरलेलं. इथे वापरायचं, की पुढच्या टेकडीसाठी राखायचं? निर्णय संध्याकाळपर्यंत हवा होता.

मोहिमेतल्या शास्त्रज्ञ वैजयंतीआत्याने, चिखलाला भेगा कशा पडतात ते बघायला, घरी चिखलाची दोन ताटं महिन्यापूर्वीच वाळत ठेवली होती. एक गच्चीवर, एक अंगणात. आज पाहते तो दोन्हींच्या भेगा वेगळ्या!

“शर्वरी, अंगणातल्या ताटाला पाणी कोणी लावलं?”

भाची शर्वरी खाली बघू लागली. “मीच गं. रोज सडा घालताना त्यावरही शिंपडायचे. माती दिसली की हात जातोच.”

“बुडवलास माझा प्रयोग!” आत्या भिंग घेऊन वाकली, आणि वाकलेलीच राहिली. “अगं, हे तर मंगळावरचं जाळं!”

“म्हणजे?”

“गच्चीवरची माती एकदाच वाळली. तिथे नवी भेग जुनीला आडवी जाऊन काटकोनात अडते. इथली रोज भिजली, रोज वाळली. प्रत्येक वेळी भेगा थोड्या वळल्या, शेवटी बेचकीसारख्या तीन सारख्या वाटा झाल्या, आणि त्या जुळून पोळ्यासारखी घरं. कीर्तनात बुवा एकच ओळ पुन्हा पुन्हा आळवतात ना? दर खेपेला ती आणखी खोल उतरते, तसंच.”

“मग मंगळावर सडा कोणी घातला?”

“तेच तर विचारायचंय दगडाला!”

आत्याने मोहीमप्रमुख सबनीसांना फोन लावला.

“सडा?” ते हसले. “बाई, शेवटचं पातं आहे!”

“फोटो पाठवलाय. ताट आणि दगड, शेजारी शेजारी ठेवून बघा.”

सबनीसांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून बेचकीला बेचकी जुळवून पाहिली. मग, “पाडा भोक.”

दगडाच्या भुकटीत क्षार (पाणी आटल्यावर उरणारं मीठ) निघाले, थरावर थर. पाणी तिथे एकदाच येऊन गेलं नव्हतं. येत होतं, आटत होतं, पुन्हा येत होतं. जीव रुजायला अशी जागा चांगली. सापडला का? अजून नाही. शोधाल तुम्ही, देवाच्या कृपेने.

पातं झिजलेली चिपळी अजून त्या लाल मातीत फिरते आहे. उद्या सकाळी सडा घालाल, तेव्हा एक शिंतोडा तिच्या नावाने टाका.